आजार कोणाच्या बाजूचा

माझ्यामुळे एका मुलीने लग्न केलं नाही. हे वाक्य मी म्हटलं की ऐकणारा आधी माझ्याकडे नीट बघतो आणि मग गोंधळतो, कारण मी तसा दिसत नाही. तसं काही नव्हतंही. तिने मला एक प्रश्न विचारला होता, कामाच्या वेळेत, समोरच्या खुर्चीवर बसून. मी त्याचं अर्धं उत्तर दिलं. उरलेलं अर्धं मला माहीत होतं. दिवाळी अंकासाठी नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा, असं संपादकांनी सांगितलं आहे. तेही आहेत, मध्ये येतील. पण सुरुवात इथून केली नाही तर मी हा भाग टाळेन, एवढं मी स्वतःला ओळखतो.

कल्याणला स्टेशनच्या पश्चिमेला, भांड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर एका मानसोपचारतज्ज्ञांचा दवाखाना आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे लागलो आणि आता पन्नाशी आली तरी तिथेच आहे. माझं पद सामाजिक कार्यकर्ता. ते ऐकून लोक विचारायचे, कुठल्या वॉर्डातून उभे राहताय? म्हणून मी कंपाउंडर आहे असं सांगायला लागलो. आईही शेवटपर्यंत तेच सांगायची आणि 'हाडांच्या डॉक्टरांकडे' असं आपल्या मनाचं जोडायची.

दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव आणि पदवी एवढंच आहे. कशाचे डॉक्टर हे लिहू नका, अशी पेशंटचीच विनंती होती. जिन्यावर कोणी ओळखीचं भेटलं तर सांगायला कारण हवं म्हणून पेशंट खालच्या दुकानातून काहीतरी विकत घेऊनच वर यायचे. एकदा डोंबिवलीतल्या एकाच बिल्डिंगमधल्या दोन बायका आमच्या बाकावर समोरासमोर आल्या. दोघींच्या हातात स्टीलचा डबा.

"डबा घ्यायला आले होते," पहिली म्हणाली.

"मी पण. इथे झाकणं चांगली घट्ट बसतात."

मग नंबर येईपर्यंत दोघी झाकणांवर बोलत राहिल्या. पुढच्या वेळेपासून त्या एकत्रच यायला लागल्या, आणि दर वेळी डबा घेऊनच. दोघी बऱ्या झाल्या. औषधाने की डब्याने हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आता माझं काम काय ते सांगतो. पेशंट डॉक्टरांसमोर जाण्याआधी मी घरच्या माणसांना घेऊन बसतो. झोप कशी, जेवण कसं, कधीपासून गप्प गप्प आहे, कामावर जातो का. आमच्याकडे येणाऱ्यांत नैराश्याचे पेशंट सर्वांत जास्त, आणि त्यांना बहुतेक वेळा 'हवा बदलायला पाहिजे' असं सांगून वर्षभर फिरवलेलं असतं. मग मी घराण्याचं झाड काढतो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याला असा आजार होऊन गेला त्याचा चौकोन किंवा गोल काळा करायचा. याला आम्ही हिस्ट्री घेणं म्हणतो.

हिस्ट्रीला दोन्ही बाजूंची माणसं आली की लग्नाच्या बैठकीचंच वातावरण तयार होतं. फक्त इथे प्रत्येक बाजू आजार समोरच्याला द्यायला बघते. "आमच्याकडे असलं कधी नव्हतं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की कोणाकडेच नव्हतं तर हा आजार आला कुठून, हा प्रश्न मला खरोखर पडायचा. ठाण्याचे एक गृहस्थ नातवाला घेऊन आले होते. त्यांना स्वतःच्या घराण्याची सात पिढ्यांची नावं पाठ होती. त्यात एक पणजोबा असे निघाले की ते उमेदीची सगळी वर्षं माजघरात भिंतीकडे तोंड करून बसून होते आणि कोणाशी एक शब्द बोलले नाहीत.

"ते मौन होतं," गृहस्थ म्हणाले. "आजार नव्हे."

मी तो चौकोन अर्धा काळा केला. तशी पद्धत नाही.

कामाचा दुसरा भाग म्हणजे घरी जाऊन बघणं. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून मी हातात बॅग घेऊन विमा एजंट म्हणून जायचो. कळव्याला एका चाळीत पेशंटच्या शेजारीणबाईंनी मला इतकं धरून ठेवलं की शेवटी एका खऱ्या एजंटला मी त्यांच्याकडे पाठवलं. त्या अजून मला रस्त्यात ओळखतात आणि बोनस कधी जमा होणार विचारतात.

तर हिस्ट्री. आम्हाला शिकवताना दोन रकाने शिकवले होते. पहिला, घराण्यात कोणाकोणाला आजार होता. दुसरा, हा माणूस लहान असताना त्याच्या घरात काय चाललं होतं. मार होता का, उपास होते का, आई जवळ होती का, जवळ घेणारं कोणी होतं का. नैराश्य हा असा आजार आहे की त्याचा कल रक्तातून येऊ शकतो, पण कल म्हणजे आजार नव्हे. लहानपणी जे सोसावं लागतं ते त्या कलावर येऊन पडतं. दोन्ही एकत्र आली तर धोका बराच वाढतो. एकच असलं तर पुष्कळ माणसं सरळ आयुष्य काढतात, आणि कधी दोन्ही असूनही काढतात. हे सगळं मला नोकरी लागण्याआधीच शिकवलं होतं. त्यावर मी परीक्षाही पास झालो होतो.

पण पहिला रकाना सगळ्यांसमोर भरता येतो. दुसरा येत नाही, कारण ज्यांच्याबद्दल विचारायचं ती माणसं शेजारच्याच खुर्चीवर बसलेली असतात. शिवाय आमच्याकडची रीत अशी, की माहिती घरातला मोठा पुरुष देतो. आजारी बाई असली तर नक्कीच तोच देतो. ती रीत मी मोडली नाही. दुसऱ्या रकान्यात मी 'विशेष काही नाही' असं लिहीत आलो. अक्षर चांगलं होतं माझं.

पुष्पा आली ती अशीच. दिवा स्टेशनच्या पुढे खाडीकडच्या गावातली, आगरी घरातली, विशीच्या आतली मुलगी. जेवत नव्हती, वेणी घालत नव्हती, कोणी हाक मारली तर फार लांबून आल्यासारखी ओ द्यायची. (नावं सगळी बदललेली आहेत.) बरोबर काका आले होते. तिचे वडील दारू पिऊन वारले होते, म्हणून काका घरातले मोठे. मागच्या खुर्चीवर पुष्पाची मोठी बहीण सुलोचना बसली होती. ती आंबिवलीला आत्याकडे राहायची.

काकांनी बसल्या बसल्या निकाल दिला. "आमचे घरान असला काय नाय. यो सगला तिचे आयचे माहेरचा हाय."

आणि ते खरं होतं. आईची आई तशीच गेली होती. मामा सहा सहा महिने झोपून असायचा. आईला दोन्ही मुली लहान असताना ठाण्याला ठेवलं होतं. आमच्या भागात 'ठाण्याला ठेवलं' याचा एकच अर्थ होतो, मनोरुग्णालयात. कोर्टाच्या कामाला ठाण्याला जाणाऱ्यांना ते वेगळं समजावून सांगावं लागतं. आई बरी होऊन परत आली, पण पुढे काविळीने गेली. मी चार आकृत्या काळ्या केल्या. पुष्पाचं लहानपण कसं गेलं, हे मी काकांनाच विचारलं.

"पोटच्या पोरीवानी वाढवला तिला," काका म्हणाले.

मी लिहिलं, विशेष काही नाही.

औषधाने पुष्पा दोन-तीन महिन्यांत बरी झाली. त्यानंतर एके दिवशी सुलोचना आली. बरोबर रमेश नावाचा मुलगा, डोंबिवलीच्या एका कारखान्यात फिटर. दोघांच्या हातात भांडी होती. मी ते नेहमीचं निमित्त समजलो. पण त्यांनी ती खरोखर लग्नासाठी घेतली होती. डॉक्टर त्या दिवशी नव्हते.

"भाऊ, मी यांना सगळं सांगितलंय," सुलोचना म्हणाली. "आजीचं, आईचं, मामाचं, पुष्पाचं. हे बोलतात, काय फरक नाही पडत."

"माझ्या घरात शुगर आहे," रमेश म्हणाला. "मी बोललो हिला, फिट्टंफाट."

"गप रे. भाऊ, मला विचारायचंय. मला होईल का? आणि पुढे मुलांना?"

डॉक्टर आले की या, एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण इतकी वर्षं माणसं माझ्यावरून पुढे डॉक्टरांकडे जात होती. हा प्रश्न मला विचारलेला होता. मी कपाटातून झाड काढलं, टेबलावर पसरलं आणि पेन्सिलने दाखवत गेलो. आजी, मामा, आई, बहीण.

"हे रक्तातलं आहे," मी म्हणालो. "तुमचा गोल अजून रिकामा आहे, इतकंच. मुलांचा विचार नीट करून करा."

"पण घरातल्या सगळ्यांनाच होतं का असं?" रमेशने विचारलं.

"सगळ्यांना नाही."

"मग ज्यांना होत नाही, त्यांना का होत नाही?"

त्या फिटरने दुसरा रकाना विचारला होता. मी म्हणालो, "ते सांगता येत नाही." सुलोचना त्या रिकाम्या गोलाकडे बघत होती. मग "बरं" म्हणाली आणि उठली.

काही दिवसांनी खालचा भांडीवाला मला म्हणाला, "तुमच्याकडची एक बाई लग्नाची भांडी परत घेऊन आली. आपण परत घेत नाही. पण तिच्याकडे बघून घेतली." रमेश हो म्हणत होता. तिनेच नाही म्हटलं. मला वाईट वाटलं, पण आपण प्रामाणिक सल्ला दिला असंही वाटलं. ही दोन्ही वाटणं काही वर्षं सुखाने एकत्र नांदली.

पुष्पाचं मात्र लग्न झालं. कळव्याला दिली. तिच्या आजाराबद्दल सासरच्यांनी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. म्हणजे जी आजारी पडली होती तिचा संसार झाला, आणि जी कधी आजारी पडली नव्हती पण विचारायला आली होती, ती आंबिवलीला बालवाडी चालवत राहिली. पुष्पाला मुलगी झाली, मयुरी. बाळंतपणानंतर पुष्पा पुन्हा आजारी पडली, बरी झाली. काही वर्षांनी पुन्हा. तोवर काकांचे गुडघे गेले होते आणि आमचा जिना त्यांना चढवत नव्हता. नवरा बरोबर यायचा, पण तो संकोची. खाली थांबून कुकर बघत राहायचा. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी, ओळख होऊन इतकी वर्षं झाल्यावर, पुष्पा पहिल्यांदा माझ्यासमोर एकटी बसली.

मी फार विचार करून विचारलं असं नाही. डॉक्टरांना यायला वेळ होता. "लहानपणी घरी कसं होतं गं?"

ती टेबलाच्या कडेकडे बघायला लागली. मग सांगायला लागली. आईला नेलं तेव्हा सुलोचनाला आत्या घेऊन गेली. दोघींचा भार आत्यावर नको म्हणून धाकटीला इथेच ठेवली. पुष्पा आईसाठी रडायची. रडली की काकी तिला भाताच्या खोलीत, पोत्यांमध्ये कोंडायची. काका बाहेरून म्हणायचे, आयचे वाटेवर चाललीस. वडील शुद्धीत असले तर मारायचे, नसले तर नाही. कोणी कोंडू नये म्हणून ती आवाज न करता रडायला शिकली, आणि मग रडायचीच बंद झाली.

"ताईला विचारलं मी एकदा," पुष्पा म्हणाली, "आत्याकडे तू रडायचीस तेव्हा काय करायचे? ती बोलली, काही नाही, आत्या मांडीवर घ्यायची आणि हाताने मासे साफ करत राहायची. मला हसायला आलं. तिच्या केसांना वास येत असेल."

दोन बहिणी, आजी एक, आई एक, मामा एक. यावरून काही सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. सख्ख्या बहिणींतही निम्म्याच्या आसपासच वारसा सारखा असतो, आणि दोघींवरून नियम काढता येत नाही. पण सुलोचनाने मला विचारलं होतं ते स्वतःबद्दलच, नियमाबद्दल नव्हे, आणि रमेशच्या प्रश्नाचं उत्तर, जिथे तिच्या केसांना माशांचा वास येत होता, त्या घरात होतं. मी डॉक्टरांना सांगितलं.

"दुसरा रकाना शिकवला होता ना तुला?"

"होता."

"मग?"

"काका बसले होते."

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

पुष्पाला काही आठवडे इस्पितळात ठेवायचं ठरलं. नवऱ्याची शिफ्ट ड्युटी, घरात दुसरं बाईमाणूस नाही. प्रश्न आला मयुरीचा. ती आठएक वर्षांची. काका म्हणाले, आमच्याकडे राहील, एवढं मोठं घर आहे. सुलोचना म्हणाली, आंबिवलीला. नवऱ्याला काही ठरवता येईना. त्याने मला घरी बोलावलं. कळव्याच्या त्या खोलीत पुष्पा भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडली होती. काका-काकी खुर्च्यांवर, सुलोचना मोरीच्या उंबऱ्यापाशी उभी. मयुरीला शेजारी टीव्ही बघायला पाठवलं होतं.

सुलोचनाने मला बघून डोक्यावरचा पंखा जरा वाढवला.

काकांनीच विषय काढला. "भाऊ, तुमीच सुलोचनाला बोलला व्हता ना, रक्तातला हाय? मंग पोर आमचेकडं रव्हली काय न् आंबिवलीला रव्हली काय, फरक काय परनार?"

माझंच वाक्य होतं. इतक्या वर्षांनी, जसंच्या तसं, आणि एका मुलीला भाताच्या खोलीकडे न्यायला निघालेलं. पुष्पाने जे सांगितलं ते मला तिथे बोलायचा हक्क नव्हता. पेशंटचं बोलणं पेशंटचं असतं. त्यामुळे माझ्याकडे बोलायला फक्त माझी स्वतःची चूक होती.

"ते मी चुकीचं बोललो होतो," मी म्हणालो.

"आता चुकीचा?"

"तेव्हाही चुकीचंच. काका, खाजणातली जमीन असते ना, सखल. भरतीचं पाणी तिच्यात लवकर शिरतं. पण बांध धड असला तर तिथेही भात होतो. मी फक्त जमीन सखल आहे एवढं सांगितलं. बांधाचं सांगितलंच नाही. या पोरीला आत्ता कोण सांभाळतं, कसं सांभाळतं, याने फरक पडतो. पुष्कळ पडतो."

काकांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "खाजनान आता बिल्डिंगी झाल्या, भाऊ. आमाला बांध शिकवतं."

नवरा म्हणाला, "तसं काकांचं घर जवळ पण पडतं." आणि मला वाटलं, संपलं. मग पलंगावरून आवाज आला. पुष्पा वळलीही नव्हती.

"मयुरी भाताच्या खोलीत नाही जाणार."

काकीने पदर सारखा केला. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. नवऱ्याला काही कळलं नव्हतं, पण बायको कित्येक दिवसांनी पूर्ण वाक्य बोलली होती. तो उठला आणि म्हणाला, "ताई, तिचं दप्तर पण न्यावं लागेल. मी पोचवतो."

पुष्पा यथावकाश घरी आली. पुन्हा आजारी पडणार नाही असं नाही. पण आता ती लवकर सांगते.

त्याआधी, ती इस्पितळात असतानाच, मी आंबिवलीला गेलो. बॅग नेली नाही. आत्या ओट्यावर सूप घेऊन जवळा निवडत बसली होती. ऐंशीच्या पुढची, कानाने गेलेली. आतल्या खोलीत मयुरी मोठमोठ्याने रडत होती. कोणीतरी तिची रिबीन नेली होती. मी अस्वस्थ होऊन आत बघितलं.

"ररूं दे," आत्या म्हणाली. "झाला का येल जेवाला."

सुलोचना बालवाडीसाठी रंगीत कागदाचे पक्षी कापत होती. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुन्हा कापायला लागली. मी वाटेत बरंच जुळवलं होतं. त्यातलं काही आठवेना.

"रमेश भेटतो कधी?" मी विचारलं. हे विचारायचं ठरलेलं नव्हतं.

"स्टेशनला दिसतो. दोन मुलं आहेत. शुगर पण झाली." तिने एक पक्षी बाजूला ठेवला. "तुम्ही त्याचं विचारायला नाही आलात."

"नाही."

मग मी सांगितलं. दोन रकाने, काका बसले होते ते, डॉक्टर नव्हते ते, मला विचारलं म्हणून मला बरं वाटलं तेही. तिची कात्री चालत होती ती मध्येच थांबली. "अजून रिकामा," ती म्हणाली. "ते 'अजून' मी रोज सकाळी उठून बघायचे. आज झालं का, आज झालं का. चाळीशी आली."

मी त्यावर जे बोललो ते इतक्या खालच्या आवाजात, की मलाच धड ऐकू आलं नाही.

"काय बोलतय तो?" आत्याने विचारलं.

"माफी मागतायत, आत्या," सुलोचना तिच्या कानाशी ओरडली.

"कुनाची?"

"माझी."

आत्याने सूप खाली ठेवलं. "मंग मोठ्यान माग की. मना काय आयकू नाय आला."

मी सुलोचनाकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, नको म्हटलं नाही. समोरच्या घरातली बाई खिडकीशी आली. आत मयुरीचं रडणं थांबलं आणि ती दारात येऊन उभी राहिली. मी खुर्चीवरून उठलो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणालो, "सुलोचनाताई, माझं चुकलं. मला दोन्ही माहीत होतं आणि मी तुम्हाला अर्धंच सांगितलं."